पावण्यांना हरवायचं नसतं

रविवारी आंघोळ व्हायच्या आधीच गणपतराव इंगवले स्टुलावर चढले आणि 'खुर्ची तुमची'चा खोका त्यांनी माळ्यावर, जुन्या वाकळांच्या पार मागं ढकलून दिला. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून पुढं एक पितळी घंगाळही आडवं लावलं. धाड पडणार कळल्यावर जुगारवाले पत्ते लपवतात, तशी त्यांची लगबग चालली होती.

'खुर्ची तुमची' हा टीव्हीवरचा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम. रात्री तो सुरू झाला की कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या त्यांच्या गल्लीत भांडणंसुद्धा जाहिरात लागेपर्यंत थांबून राहतात. त्याच नावाचा घरी खेळायचा खेळ गणपतरावांनी अनुजा पाचवीत असताना आणला होता. एक पट, त्यावर वर चढत जाणाऱ्या पायऱ्या, टोकाला सोनेरी खुर्चीचं चित्र. बरोबर उत्तर दिलं की सोंगटी एक पायरी वर, चुकलं की एक खाली. जो आधी खुर्चीवर पोचेल तो जिंकला. प्रश्नांची नवी कार्डं दर दिवाळीला बाजारात येतात आणि गणपतराव ती फटाक्यांच्या आधी आणतात. एरवी स्कूटरचे स्पेअर पार्ट विकणारा हा माणूस कार्ड हातात आलं की घसा खाकरून असा काही आवाज लावतो, की टीव्हीवरच्या सूत्रसंचालकानं नोकरी सोडावी.

अनुजा लहान असताना त्यांनी तिला एकदाही मुद्दाम जिंकू दिलं नव्हतं. ती रडायची, सोंगट्या फेकायची. गणपतराव म्हणायचे, "रडायचं न्हाई. पुढच्या रविवारी ये." पुढच्या रविवारी ती यायची. असे रविवार जाता जाता पोरगी सव्वीस वर्षांची झाली आणि आता ती कुणाच्या बापाला ऐकत नव्हती. खुद्द गणपतरावांना तर नाहीच. शिरोलीच्या एका फाउंड्रीत ती माल तपासायच्या कामाला होती. लोखंडी ओतकामात केसाएवढी चीर दिसली की माल परत, मग समोर मॅनेजर असो नाहीतर मालक.

अशा पोरीसाठी स्थळं बघायची म्हणजे काय, ते बापालाच ठाऊक. मागच्या वर्षी इचलकरंजीचा एक मुलगा आला होता. चांगला, गोरागोमटा. चहा झाल्यावर हौसेनं खेळायला बसला आणि अनुजानं त्याला लागोपाठ तीन डाव असा धुतला, की फोन आला म्हणून तो खाली गेला तो अजून वर आलेला नाही.

आजचं स्थळ मात्र वेगळं होतं. बिद्रीचा पृथ्वीराज पाटील, जनावरांचा डॉक्टर. दोघं एकदा बाहेर भेटले होते. भेटून आल्यावर अनुजानं त्याच्यात एकही खोट काढली नाही. उलट रात्री जेवताना आईला सहज विचारलं, "जनावरांच्या डॉक्टरला रविवारी सुट्टी असतीया का गं?" गणपतरावांचा घास हातातच राहिला. पोरीला मुलगा आवडलाय हे त्यांना तेव्हाच कळलं, आणि तेव्हापासून त्यांना त्या खोक्याची धास्ती लागली होती.

स्टुलावरून उतरले तर दारात अनुजा उभी.

"आप्पा, खेळ कशाला लपवलासा?"

"लपवला न्हाई. वर ठेवला." मग त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ, आज पावणं जेवाय येणार. होकार की नकार, आजच सांगतील. चुकून खेळायची वेळ आलीच, तर हरायचं. पावण्यांना हरवायचं नसतं. मान असतो त्यांचा."

"हरतो की," ती म्हणाली. "एक डाव हरायला काय जातंय. पण लग्न झाल्यावर पुढं किती दिवस हरत बसायचं, तेवढं सांगा."

प्रश्न विचारायची सवय असलेल्या माणसाची अशी पंचाईत होते. "पाणी तापलंय का बघ," असं काहीतरी पुटपुटून गणपतराव मोरीकडं गेले.

बाराच्या ठोक्याला पावणे आले. मुलाचे वडील पिराजीराव, बिद्रीच्या साखर कारखान्यात उभी हयात घालवलेले, मिशीला पीळ असलेले. आई तानाबाई, अंगानं बारीक आणि बोलायला त्याहून बारीक. नवरा बोलला की मान हलवायची, एवढंच त्यांचं काम दिसत होतं. आणि पृथ्वीराज. तो चप्पल काढताना अनुजाकडं बघून हसला आणि उंबऱ्याला ठेचकाळला. पावण्यांना सोबत म्हणून गणपतरावांनी शेजारच्या बाबालालला बोलावलं होतं. त्याचं सीट कव्हरचं दुकान इंगवल्यांच्या दुकानाला लागून, आणि दोस्ती दुकानांच्याही आधीची.

जेवण झकास झालं. संयोगिताबाईंनी, म्हणजे अनुजाच्या आईनं, तांबडा आणि पांढरा रस्सा असा केला होता की पिराजीरावांनी तिसऱ्यांदा वाटी पुढं केली आणि चौथ्यांदा नको म्हणताना हात आडवा न धरता उताणा धरला. भात शाहूवाडीच्या भाचीकडचा. आग्रहावर आग्रह झाला. जेवून सगळे भिंतीला टेकले. आता सुपारी कातरायची, दोन शब्द बोलायचे आणि घोडं गंगेत न्हालं, असं गणपतरावांच्या मनात येतंय तोच पृथ्वीराज म्हणाला, "काका, तुमच्याकडं 'खुर्ची तुमची'चा खेळ हाय म्हणं. अनुजा सांगत होत्या."

"होता," गणपतराव घाईनं म्हणाले. "वाळवी लागली त्याला."

"कवा?" बाबालाल ताडकन उठून बसला. "अहो, गुरुवारी तर खेळलो की आपण! नवी कार्डंबी फोडायची हायत अजून. थांबा, बघतो." आणि कुणी अडवायच्या आत तो स्टुलावर चढला. घंगाळ दणकन खाली आलं, पाठोपाठ वाकळा आणि शेवटी छातीशी खोका धरलेला बाबालाल. "घ्या! वाळवी कुठली, मुंगीसुद्धा न्हाई." असा दोस्त असल्यावर माणसाला वैऱ्याची गरज काय?

पिराजीरावांचा तर चेहराच उजळला. तो कार्यक्रम ते रोज बघत, एक दिवस चुकवत नसत. चटईवर पट पसरला गेला. पहिला डाव होणाऱ्या सासऱ्याचा आणि होणाऱ्या सुनेचा, असं त्यांनीच जाहीर केलं. प्रश्न विचारायला अर्थातच गणपतराव. खेळात अडलं तर 'जनतेला' विचारायची सवलत असते, आणि गेली कित्येक वर्षं या घरातली जनता म्हणजे एकटा बाबालाल.

गणपतरावांनी नवं पाकीट फोडलं, लेकीला डोळ्यानं खूण केली आणि पहिलं कार्ड उचललं. प्रश्न बघून त्यांना हायसं वाटलं. पावणा पहिल्याच फटक्यात वर जाणार होता.

"पिराजीराव, साखर तयार करताना जो काळा, दाट द्रव उरतो त्याला काय म्हणतात? पर्याय ऐका. ताक, मळी, शाई, पेंड."

पिराजीरावांनी मिशीवरून हात फिरवला. यजमानांकडं बघितलं, अनुजाकडं बघितलं. "ताक," ते म्हणाले.

"काय?"

"ताकच. दुसरं काय असणार?"

तानाबाईंना जोराचा ठसका लागला. गणपतरावांना वाटलं, जेवण अंगावर आलं असेल बिचाऱ्यांच्या. नाइलाजानं त्यांनी पुढचं कार्ड घेतलं. "अनुजा, कोल्हापूर शहर कोणत्या नदीच्या काठी आहे?"

अनुजानं बापाकडं पाहिलं. बापाचा डावा डोळा फडफडत होता.

"नर्मदा," अनुजा म्हणाली.

"अगं बाई!" स्वयंपाकघराच्या दारातून संयोगिताबाई ओरडल्या.

"असंल, असंल," पिराजीराव समजुतीनं म्हणाले. "शिकलेली पोरगी हाय, उगंच म्हणणार न्हाई."

मग जे चाललं ते त्या पटानं जन्मात बघितलं नसेल. रंकाळा हे काय आहे, असं विचारल्यावर पिराजीराव म्हणाले डोंगर. लोखंड कशानं गंजतं, असं विचारल्यावर रोज आठ तास लोखंडाशी बोलणारी अनुजा म्हणाली चांदण्यानं. सोंगट्यांना आणखी खाली जायला जागाच नव्हती, नाहीतर त्या फरशीतून खालच्या मजल्यावर गेल्या असत्या. सूर्य कुठल्या दिशेला उगवतो या प्रश्नाला पिराजीरावांनी खोल विचार करून जनतेला विचारायचं ठरवलं. बाबालालनं एकदा गणपतरावांकडं, एकदा पावण्यांकडं बघितलं. खरं सांगावं तर पावण्यांची अडचण, खोटं सांगावं तर पेठेची अब्रू. "जनता मत देत न्हाई," तो म्हणाला आणि सुपारी चघळत बसला.

आता मात्र गणपतरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते पिराजीरावांकडं सरकले. "पावणं, मुद्दाम हरतासा व्हय?"

पिराजीराव ओशाळले. "ज्याच्या घरचं मीठ खाल्लं त्याला हरवून उठायचं नसतंय आमच्यात. पण तुमची लेक लई चिवट हो. हरायलाबी देईना."

दोघे बाप एकमेकांकडं बघून कौतुकानं मान डोलवू लागले. केवढी ही माणुसकी, केवढा हा मान! असाच मान राखत राहिले असते तर संध्याकाळपर्यंत कुणीच कुठं पोचलं नसतं. पण पिराजीरावांनी आपली जागा मुलाला दिली. "आता तू बस," असं म्हणताना त्यांनी त्याला कोपरानं हळूच डिवचलंही.

"गाईच्या पोटाला किती कप्पे असतात?" गणपतरावांनी विचारलं.

"दोन म्हण," पिराजीराव कुजबुजले. बिद्रीची कुजबूज ती, चार घरांना ऐकू गेली.

पृथ्वीराजनं बापाचं कोपर बाजूला सारलं. मग म्हणाला, "चार."

"अरं..."

"न्हाई बाबा. मळीला ताक म्हणालासा, गप बसलो. रंकाळ्याच्या तळ्याचा डोंगर केलासा, तवाबी गप बसलो. पण गाईला दोन कप्पे म्हणालो तर उद्या कुठल्या तोंडानं गोठ्यात शिरू?" तो अनुजाकडं वळला. "नर्मदा तुम्ही मुद्दाम म्हणालासा न्हवं?"

"व्हय."

"मग आता खरं खेळूया?"

अनुजानं बापाकडं बघितलं. गणपतराव छताकडं बघत होते. बाप नाही म्हणत नाही याचा अर्थ तिनं तिला हवा तसा घेतला, पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि मांडी घालून बसली.

मग डाव रंगला. पृथ्वीराजही कच्चा नव्हता. तो एक पायरी वर गेला की ती एक जायची. उत्तर आलं की तो मांडीवर थाप मारायचा, ती नुसती "पुढचा" म्हणायची. एका क्रिकेटच्या प्रश्नावर दोघांची अशी जुंपली की समोरच्या गॅलरीतून कुणीतरी "काय झालं वो इंगवले?" असं विचारलं. गणपतराव काळजी विसरले. त्यांचा सूत्रसंचालकाचा आवाज लागला. बाबालाल तर उभाच राहिला. आणि बघता बघता अनुजाची सोंगटी खुर्चीच्या खालच्या पायरीवर आली. पृथ्वीराज तिच्या एक पायरी मागं. उत्तर आलं की ती जिंकणार होती.

तेव्हा सगळ्यांना एकदम भान आलं. पृथ्वीराज कपाळावरचा घाम पुसत होता, हसत नव्हता. इचलकरंजीचा मुलगाही असाच घाम पुसत खाली गेला होता. गणपतरावांनी पुढचं कार्ड उचललं खरं, पण वाचलं नाही.

पिराजीराव खाकरले. "गणपतराव, एक सांगू? कुस्ती बरोबरीत सोडवा. दोघांचाबी मान राहतोय. तुम्हीच पंच, तुमच्या हातात हाय."

सुटल्यासारखं झालं सगळ्यांना. भर मैदानातसुद्धा दोन तोलामोलाच्या मल्लांची कुस्ती पंच बरोबरीत सोडवतात, त्यात कुणाचा कमीपणा नसतो. "झालं तर मग, चहा टाकते," संयोगिताबाई म्हणाल्या. गणपतराव कार्ड पाकिटात परत घालणार इतक्यात त्यांचं लेकीकडं लक्ष गेलं.

अनुजानं सोंगटीवरचा हात काढून घेतला होता. काही न बोलता, तोंड वाकडं न करता. लहानपणी हरल्यावर ती घर डोक्यावर घ्यायची, आणि आता जिंकायला एक पायरी उरली असताना बापासाठी मुकाट्यानं मागं सरत होती. आपण हिला इतकी वर्षं लढायला शिकवलं आणि आज आपणच हिला खाली बसवतोय, याची गणपतरावांना मनापासून लाज वाटली. स्थळ जाईल, गेलं तर गेलं. पण ही सवय एकदा लागली तर ती आपल्या हातानं लावलेली असेल.

"पावणं, माफ करा," ते म्हणाले. त्यांचा आवाज सूत्रसंचालकाचा नव्हता, स्वतःचा होता. "कुस्ती निकाली होणार. अनुजा, हात ठेव सोंगटीवर."

संयोगिताबाईंनी कपाळाला हात लावला. गणपतरावांनी कार्ड डोळ्यांजवळ धरलं. "कोणत्या ग्रहाचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो? मंगळ, गुरू, शुक्र, शनी."

अनुजा विचारात पडली. मग तिनं जनतेला विचारलं. बाबालाल आता तटस्थ नव्हता. "शनी!" तो गरजला. "साडेसातीत एक दिवस सरता सरत न्हाई, समदी गिऱ्हाइकं हेच सांगत्यात."

"शुक्र," अनुजा म्हणाली.

गणपतरावांनी कार्ड उलटं केलं. "बरोबर."

अनुजानं सोंगटी खुर्चीवर ठेवली. पृथ्वीराजचे कान लालभडक झाले होते. पिराजीराव कॅलेंडर वाचत होते, तेही मागच्या महिन्याचं. गणपतराव मनातल्या मनात जिना उतरणारे पावणे बघू लागले.

"सरक रं."

आवाज इतका बारीक होता, की कुठून आला ते आधी कळलंच नाही. तानाबाई उठल्या होत्या. त्यांनी पोराच्या पाठीत हलका गुद्दा घातला आणि त्याच्या जागी पटापुढं बसल्या. "आता मी खेळतो हिच्यासंगं."

"तुला कुठं येतंय?" पिराजीराव चकित होऊन म्हणाले.

"तेच बघायचंय." तानाबाईंनी पदर नीट केला. "लग्न झाल्यापास्नं हरतोय मी. पत्ते असूदेत, नाहीतर टीव्हीवरचा ह्यो कार्यक्रम. तुम्ही बोलायच्या आधी उत्तर तोंडात आलं तर गिळतो. तुमचं चुकलं की मीबी चुकतो. म्हटलं, मान राखावा. पर त्यामुळं झालंय काय, मला खरंच किती येतंय ते माझं मलाच ठाऊक न्हाई." मग त्या अनुजाकडं वळल्या. "पोरी, सासू म्हणून सोडायचं न्हाई हं मला. सोडलंस तर बघ."

अनुजानं त्यांच्याकडं नीट बघितलं. "सोडत न्हाई," ती म्हणाली.

आणि तिनं खरोखरच सोडलं नाही. तानाबाईंनी पहिले तीन प्रश्न धडाधड उडवले. चौथा चुकल्या, पाचवा चुकल्या, एका प्रश्नाला नको इतका वेळ घेतला, एकाला ऐकायच्या आधीच उत्तर दिलं. बाबालालचा सल्ला घेऊन आणखी एक पायरी खाली आल्या आणि त्याला दोन शब्द सुनावले. अनुजा शांतपणे पटावरच्या खुर्चीवर पोचली तेव्हा त्यांची सोंगटी निम्म्यात होती.

"हरलो!" तानाबाईंनी मांडीवर अशी थाप मारली, की बांगड्या खणखणल्या. तो बारीक आवाज कुठल्या कुठं गेला होता. "बघितलंसा का? खरंखुरं हरलो बघा!" त्या हसत होत्या आणि पदरानं डोळेही पुसत होत्या. "अहो, बसलासा काय नुसतं? सुपारी फोडा. ही पोरगी मला घरात पायजे."

पिराजीरावांचा हात मिशीवरच थांबला. "म्हणजे... टीव्हीपुढं इतकी वर्षं मी जिंकत होतो, ते..."

"चहा घ्या," संयोगिताबाईंनी आणलेला कप त्यांच्याकडं सरकवत तानाबाई म्हणाल्या. "उद्यापास्नं तुमच्यासंगंबी खरं खेळतो."

पिराजीरावांनी बशीत चहा ओतला तो अर्धा धोतरावर. बाबालालनं कुणी न सांगता अडकित्ता शोधायला सुरुवात केली. लेकीला सकाळी जे सांगता आलं नव्हतं, ते आता सांगायची गरजच उरली नव्हती, म्हणून गणपतरावांनी नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिचं लक्षही नव्हतं. ती सोंगट्या परत खालच्या पायरीवर मांडत होती आणि तानाबाई कार्डं पिसत होत्या.

सुपारी फोडायला नवरदेव लागतो, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. कोपऱ्यातून पृथ्वीराजनं घाबरत घाबरत विचारलं, "मग माझा नंबर कवा?"

"गप बस की!" दोघी एकदम म्हणाल्या.

सासू-सुनेचं पहिलं एकमत झालं ते असं.